परवाना हातात आहे, आता रायफल कोणती?

प्रश्न : आम्ही आठ वर्षांपूर्वी नाशिकहून अल्बर्टात आलो. आता रेड डिअरजवळ राहतो. मला नुकताच बंदुकीचा परवाना, म्हणजे पॅल मिळाला आहे, फक्त नॉन-रिस्ट्रिक्टेड वर्गाचा. रेंजवर सराव करायचा आहे, मित्राच्या शेतावर गोफरचा, म्हणजे शेतात बिळं करणाऱ्या खारीसारख्या प्राण्यांचा, बंदोबस्त करायचा आहे आणि पुढेमागे हरणाची शिकारही करावीशी वाटते. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप ओढला की एक गोळी झाडून पुढची आपोआप भरून घेणारी, रायफल घ्यायचा विचार आहे. ओळखीचे एक गृहस्थ त्यांची रुगर मिनी-१४ स्वस्तात द्यायला तयार आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, पाच गोळ्यांचं आहे, म्हणून सगळं कायद्यात बसतं. दुकानदार मात्र एसकेएस किंवा रुगर १०/२२ सुचवतो. घरात अकरा वर्षांचा मुलगा आहे. काय घेऊ?

उत्तर : मिनी-१४ घेऊ नका. पैसे दिले असतील तर परत मागा आणि ती रायफल घरात आणू नका.

१ मे २०२० रोजी कॅनडाच्या केंद्र सरकारने एका आदेशाने सुमारे १,५०० मॉडेल्स प्रतिबंधित वर्गात टाकली. एआर-१५, एम१४, व्हीझेड ५८, बेरेटा सीएक्स४ यांच्यासोबत मिनी-१४ही त्यात आहे. त्या दिवशी ज्यांच्याकडे ती कायदेशीरपणे होती, त्यांना माफीची मुदत मिळाली आणि ती वाढत वाढत ३० ऑक्टोबर २०२६ पर्यंत आली. ही माफी जुन्या मालकाने ती कुलपात ठेवण्यापुरती आणि नियमानुसार तिची विल्हेवाट लावण्यापुरती आहे. त्यांना ती तुम्हाला विकता येत नाही, उसनी देता येत नाही. तुम्ही घेतलीत तर तुमच्या मागे कोणतीही माफी उभी राहणार नाही. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्याचा तो सरळ फौजदारी गुन्हा होतो, आणि ज्याला अजून नागरिकत्व मिळालेलं नाही, त्याचा तर इथला मुक्कामही त्यात धोक्यात येऊ शकतो.

पाच गोळ्यांचा मुद्दा त्यांनी बहुधा प्रामाणिकपणेच मांडला असेल, पण तो चुकीचा आहे. इथे दोन वेगळे नियम आहेत. एक रायफलचा वर्ग ठरवतो, दुसरा मॅगझिनची मर्यादा. मॅगझिन लहान केल्याने रायफलचा वर्ग बदलत नाही. उलट, रायफल नॉन-रिस्ट्रिक्टेड असली तरी मर्यादेबाहेरचं मॅगझिन ही स्वतंत्र प्रतिबंधित वस्तू ठरते, ते रायफलला लावलेलं नसून कपाटात पडून असलं तरीही. अमेरिकेत फिरायला गेल्यावर तिथल्या दुकानातून मोठं मॅगझिन घेऊन येणारे याच फासात अडकतात, आणि तेही सीमेवर.

या देशात मिनी-१४ हे नाव निघालं की लोकांना ६ डिसेंबर १९८९ आठवतो. त्या दिवशी माँट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये १४ स्त्रिया मारल्या गेल्या, मारेकऱ्याच्या हातात हीच रायफल होती. पुढच्या कायद्यांचा उगम बऱ्याच अंशी तिथे आहे. एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कॉशियात २२ माणसं गेली आणि दोनच आठवड्यांत वर सांगितलेला आदेश निघाला. हे सांगायचं कारण असं की इथले नियम रायफल कशी चालते एवढ्यावर ठरत नाहीत. तिचा वंश कोणता, ती कुठल्या लष्करी रचनेतून आली, यावर ते ठरतात. निवड करताना ही गोष्ट डोक्यात पक्की असली तर पुढचं बरंच सोपं होतं.

आता नॉन-रिस्ट्रिक्टेड म्हणजे नेमकं काय ते पाहू. जी बंदूक रिस्ट्रिक्टेड नाही आणि प्रतिबंधितही नाही, ती नॉन-रिस्ट्रिक्टेड, म्हणजे उरलेल्यांचा वर्ग. सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध पेटणारं, काडतूस झाडणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलची नळी ४७० मिलिमीटरपेक्षा आखूड असेल तर ती रिस्ट्रिक्टेड होते. दस्ता दुमडून किंवा आत सरकवून लांबी ६६० मिलिमीटरच्या खाली येत असेल आणि त्या अवस्थेत ती झाडता येत असेल, तरीही रिस्ट्रिक्टेड. रिस्ट्रिक्टेड झाली की तुमचा परवाना तिला पुरत नाही, नोंदणी लागते, नेण्या-आणण्याची परवानगी लागते आणि ती फक्त मान्यताप्राप्त रेंजवरच चालवता येते. शेतावर नेण्याचा प्रश्नच संपतो. शिवाय १५ डिसेंबर २०२३ पासूनची एक व्याख्या आहे. त्या तारखेनंतर नव्याने आखून बनवलेली, सुटं मॅगझिन लागणारी आणि मुळात सहा किंवा जास्त काडतुसांच्या मॅगझिनसाठी रचलेली सेंटरफायर सेमी-ऑटोमॅटिक रायफल थेट प्रतिबंधित आहे. त्यामुळे कोणी ‘अगदी नवीन मॉडेल आलंय, अजून यादीत नाही’ असं म्हणालं, तर त्या वाक्यात आनंद मानण्यासारखं काही नाही.

याद्याही वाढत गेल्या आहेत. ५ डिसेंबर २०२४ रोजी ३२४ मॉडेल्स वाढली, ७ मार्च २०२५ रोजी आणखी १७९. लष्करी रायफलसारखं रूप दिलेल्या काही .२२ रिमफायर, म्हणजे छोट्या काडतुसाच्या, रायफलीही त्यांत सापडल्या. आणि छापील यादीत नाव नाही म्हणून सुटलो असंही नाही, कारण बंदी घातलेल्या रचनेच्या ‘प्रकारांनाही’ बंदी लागू होते.

म्हणून विकत घेण्याच्या दिवशी, पैसे देण्याआधी, आरसीएमपीच्या, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांच्या, फायरआर्म्स रेफरन्स टेबलमध्ये स्वतः शोधा. त्याला सगळे एफआरटी म्हणतात, ते इंटरनेटवर सर्वांना खुलं आहे. रायफलच्या नळीवर आणि रिसीव्हरवर (आतली यंत्रणा बसते त्या सांगाड्यावर) कोरलेलं कंपनीचं नाव, मॉडेल आणि कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास, जसंच्या तसं उतरवून घ्या, दुकानाच्या जाहिरातीतलं नाव नको. नोंद सापडली की वर्ग बघा, नळीची लांबी जुळते का बघा आणि त्या पानाची प्रत तारखेसह जपून ठेवा. एफआरटी हा स्वतः कायदा नाही, ते आरसीएमपीचं मत आहे. पण पोलीस, सीमाशुल्क अधिकारी आणि दुकानदार सगळे तेच उघडून बघतात, त्यामुळे व्यवहारात त्याच्याशी वाद घालत बसण्याची वेळ स्वतःवर आणू नये. नावातही घोटाळे होतात. ब्राउनिंग बीएआर या नावाची १९६७ पासूनची एक शिकारीची रायफल आहे आणि याच नावाची १९१८ ची लष्करी स्वयंचलित रायफलही आहे. पहिली शिकाऱ्यांच्या खांद्यावर दिसते, दुसरी प्रतिबंधित आहे.

आता तुमची निवड. पहिली रायफल म्हणून आमचं मत स्पष्टपणे रुगर १०/२२ च्या बाजूने आहे, साध्या लाकडी किंवा प्लास्टिक दस्त्याच्या, १८.५ इंच नळीच्या मॉडेलच्या.

ती .२२ लाँग रायफल काडतूस झाडते. हे रिमफायर काडतूस, म्हणजे आघाताने पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. सेंटरफायरमध्ये तो बुडाच्या मधोमध वेगळ्या टोपीत असतो. हा फरक कायद्यातही आहे. सेमी-ऑटोमॅटिक सेंटरफायर रायफलच्या मॅगझिनला पाच काडतुसांची मर्यादा आहे, रिमफायर रायफलच्या मॅगझिनला सर्वसाधारणपणे नाही. पण १०/२२ च्या बाबतीत इथेच खड्डा आहे. याच मॅगझिनवर चालणारं रुगरचं एक पिस्तूलही आहे, आणि पिस्तुलासाठी मर्यादा १० ची. म्हणून २५ गोळ्यांचं मॅगझिन आरसीएमपी प्रतिबंधित मानते. रायफलसोबत येणारं १० गोळ्यांचं फिरकीचं मॅगझिन आणि तसलीच आणखी दोन घ्या, त्यापुढे जाऊ नका. दुमडणारा दस्ताही लावू नका, कारण लांबी दुमडलेल्या अवस्थेत मोजली जाते. आणि नळी कापून आखूड करायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका. कापून ४५७ मिलिमीटरच्या खाली गेलेली नळी रायफलला प्रतिबंधित करते, मग ती रिमफायर का असेना.

या रायफलची एक सवय पहिल्याच दिवशी लक्षात घ्या. शेवटची गोळी सुटल्यावर तिचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता भाग, आपोआप मागे अडकत नाही, तो पुढे येऊन बंद होतो. बाहेरून भरलेली आणि रिकामी रायफल सारखीच दिसते. मॅगझिन काढलं म्हणजे रिकामी झाली, हा नवशिक्यांचा नेहमीचा समज, आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, राहिलेली एक गोळी त्यातूनच सुटते. कोर्समध्ये शिकवलेला क्रम रोज तसाच करा : नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, मॅगझिन काढायचं, बोल्ट दोन-तीनदा मागे ओढून हाताने अडकवायचा, चेंबर डोळ्यांनी पाहायचं, मॅगझिनच्या जागेत बोट घालून चाचपायचं, मग नळी मोकळी आहे ना ते बघायचं. या रायफलच्या रिसीव्हरची मागची बाजू बंद असते, त्यामुळे मागून नळीत डोकावता येत नाही. रिकामी असल्याची खात्री झाल्यावर सफाईची कांडी तोंडाकडून हलकेच आत घालून पाहा.

ती अडते तेव्हा बहुतेकदा दोष काडतुसाचा किंवा मळाचा असतो. बोल्ट मागे ढकलायला पुरेसा जोर लागतो, म्हणून ४० ग्रेन वजनाच्या गोळीची, सेकंदाला सुमारे १,२०० फूट वेगाची ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतुसं वापरा. शांत आवाजाची सबसॉनिक काडतुसं बोल्ट-अॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल असणाऱ्यांसाठी ठीक, इथे ती रिकामं पुंगळं अर्धवट बाहेर टाकतात आणि ते बोल्टमध्ये उभं अडकतं. पुंगळं चेंबरमध्येच चिकटून राहत असेल तर चेंबर घासा आणि एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळं बाहेर ओढणाऱ्या, नखाखालचा मेणकट मळ दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा. चाप ओढल्यावर नुसता टक् आवाज आला तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबा, मग बोल्ट ओढा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर मात्र पुढची गोळी अजिबात झाडायची नाही, कारण आधीची नळीत अडकलेली असू शकते. मोठ्या डब्यातल्या स्वस्त काडतुसांत हे अधूनमधून घडतं.

सफाई करताना कांडी तोंडाकडूनच घालावी लागते आणि त्यात नळीच्या तोंडाची कड झिजली की नेम कायमचा बिघडतो. दोरीचा ओढ-ब्रश वापरलात तर हा धोका टळतो. हिवाळ्यात अल्बर्टाच्या थंडीत जाड तेल गोठून बोल्ट मंद होतो, तेव्हा तेलाचा नुसता हात फिरवलेला बरा. बाहेरून घरात आणलेली रायफल पिशवीतच तासभर राहू द्या, नाहीतर गार लोखंडावर दव जमून आतून गंज धरतो. आणि रेंजवरून आल्यावर हात गार पाण्याने साबण लावून धुवा, कपडे वेगळे टाका. शिशाची पूड मुलांच्या शरीरात जाणं फार वाईट.

दुर्बिणीचा नेम ५० यार्डांवर जुळवून घ्या. तिथून १०० यार्डांवर गोळी साधारण सहा इंच खाली जाते, त्यामुळे गोफरसाठी ७० यार्डांच्या आतच थांबलेलं बरं, नाहीतर प्राणी जखमी होऊन बिळात मरतो. गोळी मात्र दीड किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. सपाट शेतात, मातीचा बांध मागे नसताना, किंवा दगडाच्या आणि पाण्याच्या दिशेने झाडू नका. वस्ती असलेल्या इमारतीपासून १८३ मीटरच्या आत गोळी झाडण्यावर अल्बर्टात बंदी आहे, आणि जमीन मित्राची असली तरी त्याची परवानगी दर वेळी विचारलेली चांगली.

एसकेएसबद्दल. ही १९४५ ची सोव्हिएत रचना, ७.६२ बाय ३९ मिलिमीटरचं काडतूस, कायमचं जोडलेलं मॅगझिन, जे इथे पाचवर अडवलेलं असतं. दणकट आहे, कॅनडात हजारो लोकांकडे आहे, आदिवासी समाजांत शिकारीला तिचा मोठा वापर आहे. मार्च २०२५ च्या यादीपर्यंत ती नॉन-रिस्ट्रिक्टेडच राहिली, पण तिच्या वर्गाचा फेरविचार सरकारने उघडपणे टेबलावर ठेवलेला आहे. उद्या ती गेली तर तुमचे पैसे आणि झोप दोन्ही अडकतील, म्हणून पहिली आणि एकुलती रायफल म्हणून आम्ही ती सुचवणार नाही. तरीही घेतलीत तर मॅगझिनची खीळ शाबूत आहे का ते बघा, आखूड नळीच्या आवृत्तीपासून लांब राहा, आणि पहिली गोळी भरण्याआधी बोल्ट पूर्ण उघडून साफ करा. गोदामात ठेवताना लावलेला घट्ट ग्रीस फायरिंग पिनच्या (काडतुसावर आघात करणाऱ्या सुईच्या) भोकात साचलेला असतो. पिन पुढे अडकून राहिली की बोल्ट बंद होताक्षणीच गोळी सुटते, कधी एकामागून एक. बोल्ट हातात घेऊन हलवल्यावर पिन आत खुळखुळली पाहिजे. जुनी लष्करी काडतुसं गंज आणणारी असतात, त्यांच्यानंतर नळी आणि गॅसची नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवून, कोरडी करून तेल लावावं लागतं. पोलादी गाभ्याच्या गोळ्या अनेक रेंज चालवूच देत नाहीत.

हरणासाठी यातलं काहीच घेऊ नका. अल्बर्टात मोठ्या शिकारीला .२३ पेक्षा लहान कॅलिबर चालत नाही, म्हणजे .२२ गेली. न फुलणाऱ्या गोळ्याही चालत नाहीत, म्हणजे एसकेएसची लष्करी काडतुसं गेली. त्या वेळी .३०८ किंवा .२७० ची साधी बोल्ट-अॅक्शन रायफल घ्या. हरणावर पहिलीच गोळी महत्त्वाची असते, दुसरी पटकन मिळाल्याने नवशिक्या नेम सोडून घाई करतो. सेमी-ऑटोमॅटिकच हवी असा हट्ट असेल तर मघाशी सांगितलेल्या ब्राउनिंगसारखी, मुळातच चार काडतुसांच्या मॅगझिनची, शिकारीसाठी जन्मलेली रायफल बघा. महाग आहे, जड आहे, आणि तिचीही एफआरटी नोंद त्याच दिवशी तपासायची. शिकारीचं प्रशिक्षण आणि परवाना पॅलपेक्षा वेगळा, तो प्रांताकडून.

मुलाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण आमच्या लेखी तोच या पत्राचा गाभा आहे. कायद्याने नॉन-रिस्ट्रिक्टेड रायफल रिकामी असली पाहिजे आणि चापाला कुलूप, किंवा बोल्ट काढलेला, किंवा भक्कम कुलूपबंद कपाट, यांपैकी एक पुरतं. मूल असलेल्या घरात चापाचं कुलूप आणि कपाट दोन्ही करा. पोलादी कपाट भिंतीच्या लाकडी खांबांत बोल्टने आवळा, नुसत्या जिप्समच्या तक्त्यात नको. काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली देवघरात, फडताळात, गाडीच्या जुडग्यात ठेवू नका, अकरा वर्षांच्या मुलाला घरातली प्रत्येक जागा ठाऊक असते. आकड्यांचं कुलूप असेल तर कोणाचाही वाढदिवस नको. पत्नीकडे पॅल नसेल तर तो आकडा त्यांच्याकडेही असू नये. मुलाला उत्सुकता वाटणारच, तेव्हा लपवाछपवी न करता त्याला सुरक्षिततेचे नियम शिकवा. तुमच्या थेट, हाताच्या अंतरावरच्या देखरेखीखाली तो रेंजवर झाडूही शकतो, आणि १२ पूर्ण झाल्यावर अल्पवयीनांचा वेगळा परवाना आहे. घरात कोणीही निराशेतून, मोडलेल्या मनःस्थितीतून जात असेल, तर रायफल तेवढा काळ परवानाधारक मित्राकडे किंवा दुकानात ठेवायला द्या. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

भारतात परवान्यावर एकेका शस्त्राची नोंद करावी लागते, इथे तो नुसता माणसाचा असतो, म्हणून प्रत्येक रायफलसाठी वेगळा अर्ज नाही. पण १८ मे २०२२ पासून नॉन-रिस्ट्रिक्टेड रायफल हातबदल होताना विकणाऱ्याने तुमचा परवाना तपासून सरकारकडून संदर्भ क्रमांक घ्यावा लागतो, दुकान असो वा खासगी माणूस. ‘आपल्यात कसला क्रमांक’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवा. क्वेबेकला राहायला गेलात तर तिथे नॉन-रिस्ट्रिक्टेड रायफलीचीही प्रांतीय नोंदणी करावी लागते. गाडीतून नेताना रिकामी, आणि गाडी सोडून जायचं असेल तर डिकीत कुलूपबंद. एसयूव्हीला वेगळी डिकी नसते, तेव्हा बाहेरून दिसणार नाही अशी झाकून, गाडी लॉक करून.

आणि त्या मिनी-१४ वाल्या गृहस्थांना नीट सांगा की ती त्यांनी कोणालाच विकू नये, आणि नेऊन देण्याआधी पोलिसांना फोन करून वेळ ठरवून घ्यावी. रायफल हातात घेऊन कोणीही चौकीत आधी न कळवता शिरू नये.